पिंग होतोय, पण फोल्डर उघडत नाही: खान्देशातील फाइल शेअरिंगचा इतिहास

घरातल्या दोन-तीन संगणकांनी एकमेकांच्या फाइली उघडाव्यात ही सोय खान्देशात आली ती हिशेबाच्या गरजेतून. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी राहण्याची रीत आहे. कर सल्लागाराचे कार्यालय घराच्या पुढच्या खोलीत असते, डीटीपीचे काम माडीवर चालते. खालच्या काउंटरवरचे बिल वर बसलेल्या मुलाला दिसावे, एकाच प्रिंटरवर दोघांना छापता यावे, ही निकड आधी आली. त्याच वायरीवरून पुढे अभ्यासाच्या, गाण्यांच्या आणि लग्नाच्या फोटोंच्या फाइली फिरू लागल्या. या जोडणीचा इतिहास मुख्यतः तिच्या बिघाडांचा इतिहास आहे, आणि त्यातले थोडेच बिघाड यंत्र नादुरुस्त झाल्याने आले. एका काळात सोय म्हणून उघडे ठेवलेले दार पुढच्या काळातल्या विंडोजने सुरक्षिततेसाठी लावून घेतले, की पेठेतले काम अडले. असे निदान चार वेळा घडले.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. संगणक शिकलेली स्थानिक मुले या दशकात दुकानांत आणि पतसंस्थांत दिसू लागली. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायची तर फ्लॉपी हाच मार्ग होता. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. त्याहून मोठी फाइल एआरजे किंवा पीकेझिपने तुकडे करून चार-पाच फ्लॉप्यांवर भरायची, आणि शेवटच्या फ्लॉपीवर धूळ किंवा बुरशी निघाली तर सगळे पुन्हा. १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक नावाची सोय होती. तिच्यामुळे दोन संगणक प्रिंटरच्या पोर्टमधून एका केबलने जोडता येत, पण जोडणी चालू असताना एक यंत्र केवळ सर्व्हर म्हणून अडकून पडे. दोनच यंत्रे असलेल्या दुकानाला हे परवडणारे नव्हते.

नेटवर्कची पहिली खरी ओळख झाली ती गोल कोॲक्सियल वायरीने. बँकांच्या शाखांमध्ये नॉव्हेल नेटवेअर आणि फॉक्सप्रोवर चाललेली कामे पाहून व्यापाऱ्यांनी तशीच वायर घरात ओढून घेतली. ही वायर एका यंत्राच्या पाठीमागून दुसऱ्याच्या पाठीमागे जाई, प्रत्येक ठिकाणी टी आकाराचा बीएनसी जोड असे आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एकूण लांबी १८५ मीटरपर्यंत चाले. झाडू मारताना एक जोड सैल झाला तरी सगळेच संगणक एकदम तुटत, आणि सैल जोड शोधण्यासाठी टर्मिनेटर वायरीच्या मध्यावर आणून पाहावा लागे. अर्धी वायर चालू, अर्धी बंद, पुन्हा अर्धी: निदानाची ही निमे-निमे पद्धत त्या पिढीच्या हार्डवेअरवाल्यांनी इथेच हाती बसवली. पुढे हब आणि आठ तारांची वायर आली तेव्हा एका तारेचा दोष एकाच यंत्रापुरता राहिला, तरी पद्धत टिकली.

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आले. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘शेअरिंग’ निवडले की तो फोल्डर शेजारच्या यंत्राला दिसे. या साधेपणामागे दहा-बारा वर्षांपूर्वीचे काम होते. आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेटबायोस तयार केले. त्यात प्रत्येक यंत्राला पंधरा अक्षरांपर्यंतचे नाव असे, आणि यंत्रे एकमेकांना नावाने हाका मारून शोधत. फाइली प्रत्यक्ष वाचण्याचा एसएमबी हा करार त्याच काळात आयबीएममध्ये बॅरी फेगेनबॉम यांनी आखला. एका खोलीतल्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या मोजक्या यंत्रांसाठी केलेली ही रचना होती. अनोळखी माणूस त्याच वायरीवर येईल असा विचार तिच्यात नव्हता, आणि पुढची तीस वर्षे जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

नावाने हाक मारण्याच्या पद्धतीचे दोन तोटे खान्देशात लवकर जाणवले. दुकानदार तयार ब्रँडचा पीसी क्वचितच घेत. असेंबल केलेले यंत्र स्वस्त पडे, आणि असेंबल करणारा एका हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून देई. परिणामी एकाच घरातल्या दोन्ही यंत्रांचे नाव एकच. दुसरे यंत्र सुरू होताच नाव आधीच वापरात असल्याची सूचना येई आणि ते नेटवर्कबाहेर राही. दुसरा तोटा गटाच्या नावाचा. विंडोज ९८ आणि एक्सपी प्रोफेशनल यांचा गट ‘वर्कग्रुप’ असे, तर एक्सपी होम स्वतःला ‘एमएसहोम’ म्हणवी. वायर ठीक, दिवे लागलेले, तरी एक यंत्र दुसऱ्याच्या यादीत नाही. गटाचे नाव बदलून यंत्र पुन्हा सुरू केले की काम होई.

‘नेटवर्क नेबरहूड’मधली यादी मात्र याहून गहन होती, आणि तिचा खरा कस भारनियमनात लागला. कोणती यंत्रे चालू आहेत याची यादी नेटवर्कमधले एकच यंत्र सांभाळी; त्याला मास्टर ब्राउझर म्हणत. ते कोणी व्हायचे हे यंत्रे आपापसांत निवडणूक घेऊन ठरवत. विंडोजची नवी आवृत्ती जुनीला हरवी. बाकीची यंत्रे दर बारा मिनिटांनी आपण हजर असल्याचे सांगत. तीन वेळा हजेरी चुकली तरच, म्हणजे ३६ मिनिटांनी, नाव यादीतून निघे. आणि यादीची प्रत इतरांकडे पोहोचेपर्यंत एकूण ५१ मिनिटेही जाऊ शकत. चोवीस तास वीज असलेल्या कार्यालयासाठी हा हिशेब बेतलेला होता.

जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. पुढची सात-आठ वर्षे महाराष्ट्रात विजेची तूट मोठी होती आणि भारनियमनाचे तास वीजगळती व बिलवसुलीनुसार ठरवलेल्या गटांवर अवलंबून असत. भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रात वीज तयार होत असूनही भुसावळ-जळगावच्या दुकानांत दिवसातून काही तास अंधार असे. अशा वेळी इन्व्हर्टरवर मालकाचे एक यंत्र चाले. हबला मात्र इन्व्हर्टरची लाइन दिलेली नसे, कारण तो छोटा डबा कोणाच्या हिशेबात नव्हता. मालकाचे यंत्र एकटे पडे आणि स्वतःच यादीचे प्रमुख होई. वीज आली की सगळी यंत्रे एकाच वेळी सुरू होत, निवडणूक नव्याने लागे, आणि अर्धा-पाऊण तास कोणाला कोण दिसत होते याचा मेळ बसत नसे. बंद असलेले यंत्र यादीत दिसे आणि क्लिक केल्यावर उघडत नसे. चालू असलेले यंत्र यादीतच नसे. ‘शेअरिंग गेलं’ म्हणून बोलावलेला माणूस पोहोचेपर्यंत ते बहुधा परत आलेले असे, आणि त्याने काय केले हे त्यालाही सांगता येत नसे.

या अनुभवातून एक चांगली सवय रुजली. यादीवर अवलंबून न राहता ‘रन’मध्ये दोन तिरप्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता टाकायचा आणि फोल्डर उघडतो का ते पाहायचे. उघडला तर वायर, हब, परवानगी सगळे ठीक आहे आणि दोष फक्त नावाच्या शोधात आहे. त्यापुढची पायरी म्हणजे यंत्रांना कायमचे पत्ते देणे आणि ते मॉनिटरच्या कडेला चिकटवणे. खान्देशातल्या अनेक काउंटरांवर १९२.१६८.१ ने सुरू होणारे आकडे चिकटपट्टीवर लिहिलेले असत ते यासाठी.

भारनियमनाचा दुसरा परिणाम नुकसानीचा होता. फॉक्सप्रोत बनवलेली बिलिंगची सॉफ्टवेअरे एकच डीबीएफ फाइल सगळ्या यंत्रांना उघडी ठेवत. हब बंद पडताना एखादी नोंद अर्धी लिहिलेली असली की इंडेक्स बिघडे आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक जुळत नसे. छोट्या यूपीएसवर हब ठेवला असता तर हे टळले असते. तो खर्च तीन-चार इंडेक्स दुरुस्त्यांनंतर केला जाई.

२००५ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. १ एप्रिलला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला आणि हातचे बिलबुक सोडून संगणकावर येणे छोट्या व्यापाऱ्यालाही भाग पडले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. टॅलीचा डेटा एका यंत्रावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आणि बाकीची यंत्रे तिथे जोडलेली, हा नमुना जळगावच्या डाळ मिलपासून धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानापर्यंत सर्वत्र सारखाच दिसू लागला. बहुतेक यंत्रांवर एक्सपी होते, आणि एक्सपीच्या तीन अटी कामाच्या आड येत.

पहिली अट पासवर्डची. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याने त्याच यंत्रावर बसून काम करता येई, नेटवर्कवरून मात्र एक्सपी प्रवेश नाकारी. घरातल्या संगणकाला पासवर्ड कोण ठेवणार? त्यामुळे गेस्ट खाते चालू करून ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देण्याचा मार्ग सर्रास झाला. दुसरी अट फायरवॉलची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली, आणि फक्त फाइल शेअरिंगला मुभा देण्याऐवजी ती सरसकट बंद करण्याची रीत पडली. तिसरी अट संख्येची: एक्सपी होमवर एका वेळी पाच आणि प्रोफेशनलवर दहा जोडण्या. मार्चअखेरीला एखादे जास्तीचे यंत्र जोडले की आता आणखी जोडणी शक्य नाही असा संदेश येई आणि वायर तपासण्यात सकाळ जाई. विंडोज ७ ने ही मर्यादा वीसवर नेली.

गेस्ट आणि ‘एव्हरीवन’ यांची किंमत व्हायरसच्या रूपाने द्यावी लागली. विंडोज ९८ च्या शेअर पासवर्डमधली त्रुटी २००० मध्ये उघड झाली होती. २००२ चा ओपासर्व्ह तीच वापरून शेअर केलेल्या ड्राइव्हमध्ये शिरे. २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर सोपे पासवर्ड आणि पेन ड्राइव्ह दोन्हींतून पसरला. फोल्डरचे चित्र घेऊन बसणारे, पण खरे तर प्रोग्राम असलेले व्हायरस त्या काळात प्रत्येक शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सापडत. एक यंत्र फॉरमॅट मारून स्वच्छ केले तरी दुसऱ्याच्या उघड्या शेअरमधून संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बाधित होई. सगळी यंत्रे वायरीवरून सोडवून, एकेक स्वच्छ करून मगच जोडायची, हा धडा इथल्या तंत्रज्ञांनी फार कष्टाने शिकला.

छपाईच्या धंद्याचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण खान्देशात मोठ्या फाइलींची खरी देवाणघेवाण तिथेच होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे आठवडे लग्नपत्रिकांचे. कोरलड्रॉमधली चित्रांसह पत्रिका फ्लॉपीत कधीच मावली नाही, म्हणून डीटीपीवाल्यांनी जोडणी इतरांच्या आधी करून घेतली. त्यांचा नेहमीचा बिघाड मात्र नेटवर्कचा नव्हताच. फाइल दुसऱ्या यंत्रावर व्यवस्थित उघडे, पण नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी अनोळखी चिन्हे दिसत, कारण श्रीलिपी किंवा तत्सम सॉफ्टवेअरचा तो फाँट तिथे नसे. त्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी आणि मंगल फाँट मिळाला, तरी छपाईचे सॉफ्टवेअर बराच काळ जुन्याच फाँटांवर अडून राहिले.

जोडणीला हवामानही सोसावे लागे. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत टाकलेल्या साध्या वायरीचे आवरण उन्हाने तडकते आणि पहिल्या पावसात जोडणी येत-जात राहते. वळवाच्या विजांनी अशा लांब वायरीच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. वाय-फाय आल्यावर हा त्रास कमी झाला, पण जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींतून त्याची रेंज पलीकडच्या खोलीत नीट पोहोचत नाही, म्हणून घरात दुसरा राउटर आला. या दुसऱ्या राउटरने एक नवा, आजही सर्वात जास्त भेटणारा बिघाड आणला. इंटरनेट कंपनीचा मोडेम एका मालिकेतले पत्ते वाटतो, घरचा राउटर दुसऱ्या मालिकेतले; एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.१ मध्ये तर लॅपटॉपचा १९२.१६८.० मध्ये. इंटरनेट दोन्हींकडे चालते, म्हणून नेटवर्क ठीक आहे अशी सगळ्यांची खात्री असते, पण दोन यंत्रे वेगवेगळ्या जाळ्यांत असतात. दुसऱ्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद करून, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेत आणून, मुख्य वायर त्याच्या साध्या पोर्टमध्ये लावली की तो नुसता विस्तारक होतो आणि बिघाड मिटतो.

व्हिस्टा आणि विंडोज ७ यांनी नेटवर्क घरचे की सार्वजनिक असा प्रश्न विचारायला सुरुवात केली. घाईत ‘पब्लिक’ निवडले गेले की यंत्र स्वतःला लपवते. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेली होमग्रुप ही सोय घरगुती वापरासाठी चांगली होती, पण एक्सपी तिच्यात सामील होऊ शकत नसे. जिथे तीन यंत्रांपैकी एक तरी एक्सपी होते, त्या खान्देशी घरांना तिचा उपयोग थोडा. २०१८ मध्ये विंडोज १० मधून ती काढून टाकण्यात आली.

२०१७ हे सर्वात मोठ्या उलथापालथीचे वर्ष. १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला. तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून शिरत असे. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय १४ मार्चलाच दिला होता, पण एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपलेला आणि विनापरवाना विंडोजवर अपडेट बंद ठेवलेले, अशी यंत्रे उघडीच होती. १ जुलैला जीएसटी आला. विवरणपत्रांसाठी अनेकांनी विंडोज १० चे नवे यंत्र घेतले आणि जुने एक्सपी काउंटरवर ठेवले. ऑक्टोबरमधल्या १७०९ या आवृत्तीने एसएमबीची पहिली पिढी मुळातून काढायला घेतली. होम आणि प्रो आवृत्त्यांत तिचा सर्व्हर भाग बसवलेलाच नसे, तर क्लायंट भाग पंधरा दिवस वापर झाला नाही तर आपोआप निघून जाई. त्यामुळे बिघाड एकतर्फी दिसे: नव्या यंत्रावरून जुन्यातला टॅलीचा फोल्डर उघडतो, जुन्यावरून नवे यंत्र उघडत नाही. सलग पंधरा दिवस तो फोल्डर लागला नाही, तर उलट दिशाही बंद. कोणीही काही बदललेले नसताना चालणारी गोष्ट थांबली, ही तक्रार त्या वर्षी खरोखरच खरी होती.

त्याच बदलाने मास्टर ब्राउझरची जुनी यादीही संपली. नेटवर्कच्या खिडकीत यंत्र दिसण्यासाठी आता फंक्शन डिस्कव्हरी नावाच्या सेवा लागतात आणि त्या बऱ्याचदा सुरूच नसतात. सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्या ‘ऑटोमॅटिक’ केल्या की नावे परत येतात. घाईचा उपाय म्हणून एसएमबीची पहिली पिढी पुन्हा बसवून देणे तेव्हा सर्रास चालले. तो उपाय चुकीचा होता. योग्य मार्ग जुने यंत्र बदलण्याचा होता, आणि बाजाराला तो पटायला काही वर्षे लागली.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रिंटरची पाळी आली. प्रिंट स्पूलरमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर जोडताना ‘११बी’ने संपणारा एरर येऊ लागला. ज्या यंत्राला प्रिंटर लावलेला, तिथे रजिस्ट्रीत एक किंमत शून्य केली की छपाई सुरू होई, म्हणजे नव्याने बसवलेले कुलूप पुन्हा काढले जाई. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी तेव्हापासून स्वतःची वायर किंवा वाय-फाय असलेला प्रिंटर सुचवण्यामागे हा अनुभव आहे. असा प्रिंटर कोणत्याही संगणकाच्या शेअरिंगवर अवलंबून राहत नाही.

दरम्यान घरातल्या लहान फाइलींनी वायर सोडली होती. मोबाइलवर शेअरइट आणि झेंडर लोकप्रिय झाले, केंद्र सरकारच्या २९ जून २०२० च्या ॲप-बंदीत दोन्ही गेले, आणि पीडीएफ स्वतःलाच व्हॉट्सॲप करून दुसऱ्या संगणकावर उतरवण्याची सवय उरली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी फाइल त्यासाठी व्हॉट्सॲपच्या दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येते. टॅलीचा डेटा, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग आणि पत्रिकांच्या फाइली मात्र अजून घरच्याच जाळ्यात आहेत.

आजचे नेहमीचे दुखणे ओळख पटवण्याचे आहे. नव्या विंडोजमध्ये माणूस चार आकडी पिनने आत शिरतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड विसरलेला असतो. दुसरे यंत्र पासवर्डच मागते, पिन तिथे चालत नाही. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रो यंत्रांवर गेस्ट प्रवेशही बंद केला आणि सही केलेल्याच एसएमबी संदेशांचा आग्रह धरला. राउटरला पेन ड्राइव्ह लावून केलेला सामायिक साठा आणि जुने नॅस (नेटवर्कला जोडलेले साठ्याचे डबे) अनेकदा सांबावर चालतात. सांबा ही अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात सुरू केलेली एसएमबीची मुक्त रचना. अशा डब्यांतला सांबा जुना असेल तर नवे विंडोज त्यांना आता नकार देते.

या सगळ्यातून जाणकार तंत्रज्ञांची तपासणीची एक रीत बनली आहे. आधी पोर्टचा दिवा, मग दोन्ही पत्ते एकाच मालिकेत आहेत का, मग पिंग. पिंगला उत्तर आले नाही म्हणून वायरच तुटली असे ते धरत नाहीत, कारण फायरवॉल पिंगही अडवते. त्यानंतर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का ते पाहतात आणि फोल्डर आयपी पत्त्याने उघडून बघतात. तसा उघडला आणि नावाने नाही, तर दोष शोध-सेवांचा. पासवर्ड नाकारला गेला तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्ड आधी पुसावा लागतो, नाहीतर विंडोज तोच परत परत पाठवत राहते. फोल्डर दिसतो पण आत जाता येत नाही किंवा फाइल जतन होत नाही, असे झाले तर परवानग्यांचे दोन थर तपासावे लागतात. एक शेअरिंगचा, दुसरा डिस्कवरच्या सिक्युरिटीचा. दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. ‘एव्हरीवन’च्या जागी शेअरिंगसाठी एक वेगळे साधे खाते बनवायचे, त्याला पासवर्ड द्यायचा आणि दोन्ही थरांत त्याच खात्याचे नाव घालायचे, म्हणजे फायरवॉल चालू ठेवून आणि अपडेट न काढता तेच काम होते.